कुणाच्या शब्दावर

डॉ. वत्सला हुद्दार पुण्यात वारल्या, हे पाचगणीच्या दीर्घनिद्रा केंद्रात माणसांच्या आधी यंत्रांना कळलं.

समिधा रांजणे नुकतीच वाईहून पसरणीचा घाट चढून कामावर आली होती. पर्स खुंटीला अडकवून ती खुर्चीत टेकते न टेकते तोच समोरच्या पडद्यावर एक तांबडी ओळ उमटली. तिच्याखाली दुसरी. मग बघता बघता सगळा पडदा भरून गेला. प्रत्येक ओळीचा शेवट एकच होता : 'काम थांबवले आहे. कुणाच्या शब्दावर करायचे?'

कुणीतरी प्रणालीत घुसलंय, असंच आधी तिला वाटलं. मग तिने एका ओळीचा तपशील उघडला. 'आदेश देणारी व्यक्ती हयात नाही,' असं तिथे लिहिलं होतं आणि खाली केंद्राच्या मुख्य डॉक्टर हुद्दारांचं नाव होतं.

परवाच तर त्या इथे होत्या. निद्रादालनातून फिरताना प्रत्येक पलंगाशी थांबायचं, झोपलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायचे आणि मगच पुढे जायचं, ही त्यांची जुनी सवय. "त्यांना ऐकू येत नाही, ठाऊक आहे मला," त्या म्हणायच्या, "पण मला बोलता येतं ना!" झोपेतच त्यांचं हृदय थांबलं होतं. घरच्यांनी सकाळी डॉक्टर बोलावले, मृत्यूची नोंद झाली आणि त्या नोंदीबरोबर देशभरातली त्यांची ओळख मिटली. कायदाच तसा होता. मेलेल्या माणसाच्या नावावर कुणी बँकेत जाऊ नये, कुणी सही ठोकू नये, म्हणून माणूस गेला की त्याची ओळख त्याच घटकेला बंद. कायदा चांगलाच होता. फक्त त्याला हे माहीत नव्हतं की साठेक झोपलेली माणसं त्या एका बाईच्या शब्दावर जगत होती.

ही झोप कसली, ते आधी सांगायला हवं. थंड मुलखातली खार हिवाळाभर बिळात बर्फासारखी गार पडून राहते. वटवाघूळ दगडासारखं निपचित होतं आणि ऋतू पालटला की उडून जातं. माणसाला हे जमेल का, हा प्रश्न जुना. उत्तर सापडलं ते मेंदूच्या तळाशी, बदामाएवढ्या एका भागात. शरीराची शेगडी किती पेटती ठेवायची, हे तिथल्या मूठभर पेशी ठरवतात. कवटीबाहेरून ध्वनिलहरींनी त्यांना नेमकं डिवचलं की त्या शेगडी मंद करतात. अंग विहिरीच्या पाण्याइतकं गार होतं, श्वास विरळ होतो, हृदय मिनिटाला चार-पाच ठोक्यांवर येतं. रोगही तितकाच मंदावतो. ज्या आजारावर आज औषध नाही पण उद्या येण्याची आशा आहे, तो आजार झालेला माणूस असा थांबून राहू शकतो; न झिजता, जवळजवळ म्हाताराही न होता.

त्यात मेख एकच होती. अखंड गारठा मेंदूला सोसत नाही. अधूनमधून शरीराला ऊब देऊन वर आणावं लागतं आणि पुन्हा गार करावं लागतं. खारही तेच करते. का करते, ते अजून कुणाला नीटसं उलगडलेलं नाही. केंद्रात याला 'उबेची फेरी' म्हणत. फेरी चुकली तर मेंदूतले धागे सुटायला लागत. आणि मध्येच अडकली तर त्याहून वाईट : शरीर अर्धवट तापून साखर मागायचं, प्राणवायू मागायचं, आणि द्यायला कुणी नसायचं.

या फेऱ्या, औषधं, कुशी बदलणं, सगळं आपोआप चालायचं. ते कसं चालावं याची व्याख्या करणं हे समिधाचं काम. केंद्राच्या ओळख-प्रणालीत प्रत्येक माणसाला, दाराला, पंपाला, पांघरुणाला स्वतःची ओळख होती. कोण कोण आहे, कुणाचं कुणाशी काय नातं, कुणाला कशाची मुभा, याचा जो आराखडा त्याला ही मंडळी स्कीमा म्हणतात. त्या स्कीमात 'नियोजित काम' नावाचा एक घटक होता. घटक म्हणजे काही भरायच्या जागा : काय करायचं, कधी करायचं, कुणासाठी करायचं, कुणाच्या शब्दावर करायचं आणि कधीपर्यंत. वेळ झाली की काम जागं व्हायचं, पंपापाशी जाऊन म्हणायचं, औषध सोड. पंप विचारायचा, कुणाच्या शब्दावर? नाव पटलं तरच झडप उघडायची.

आणि ते नाव जिवंत माणसाचंच लागायचं. पदाचं चालत नव्हतं, संस्थेचं चालत नव्हतं, यंत्राचं तर नाहीच नाही. परदेशात कुठेतरी यंत्रांनी एकमेकांच्या शब्दावर आजाऱ्यांना औषधं दिली होती आणि शेवटी जबाबदार कोण, ते सापडलंच नव्हतं. तेव्हापासून सगळीकडे हाच नियम : शरीराला हात लावणाऱ्या प्रत्येक कामामागे एक जिवंत माणूस. तो जिवंत आहे, याचा पुरावा त्याचं हृदय. ठोक्यागणिक हृदयात विजेची एक लाट उठते. तिचे चढउतार प्रत्येकाचे वेगळे असतात, बोटांच्या ठशांसारखे. मनगटावरची पट्टी ती लाट वाचत राहते, आणि जोवर ती वाचता येते तोवर त्या माणसाचा शब्द चालतो.

फोन वाजला. निद्रादालनातून डॉ. तन्वीर बागवान बोलत होता. झोपेच्या या शास्त्रातला तो केंद्रातला जाणकार, हुद्दारबाईंचा उजवा हात.

"समिधाताई, लगेच खाली या. यशोधनची फेरी चालू होती. अर्ध्यातच अडकलीय."

यशोधन म्हणजे समिधाचा नवरा.

*

पाचगणीच्या एका शाळेत तो मुलांना फुटबॉल शिकवायचा. पस्तिशीत असताना एकदा मैदानावर पाय अडखळला. पुढच्या वर्षी हातातून चमचा पडायला लागला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच वाळत चालल्या होत्या. औषधावर काम चालू होतं, पण रोग औषधापेक्षा जोरात धावत होता. तेव्हा तोच म्हणाला होता, "मी थांबतो. औषधाला पुढे येऊ दे." त्याला आता सात वर्षं झाली होती. त्याच्या डोक्यात अजून एक पांढरा केस नव्हता, आणि समिधाने मेंदी लावणंही सोडून दिलं होतं.

ती जिना उतरली ती पळतच. फेरीच्या वेळी नातेवाइकांनी आत यायचं नाही असा दंडक होता, त्यामुळे काचेपलीकडचं दृश्य ती पहिल्यांदाच पाहत होती. यशोधनच्या कपाळावर घाम होता. पापण्यांखाली बुबुळं किंचित हलत होती. गालांवर रंग चढत होता. इतकी वर्षं तिने त्याला मेणाच्या पुतळ्यासारखं पाहिलं होतं. हा माणूस होता.

"हाताने चालवू या," तिला आत घेत डॉ. बागवान म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, पण बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या होत्या. "तुम्ही पांघरुणाचं तापमान बघा. मी औषधाकडे बघतो. सिस्टर, तुम्ही पंपावर."

हाताने चालवताना आदेशाचा प्रश्न नव्हता. ज्याचा हात झडपेवर त्याचा शब्द. पण पंप तरी दुसरा प्रश्न विचारायचाच : पलंगावर कोण आहे? चुकीच्या माणसाला औषध जाऊ नये, म्हणून. गार झोपेतल्या माणसाची लाट कधीच जुळायची नाही. मग सिस्टर साळवे नाव मोठ्याने वाचायच्या, चेहरा बघायच्या आणि खात्री दिल्याचा अंगठा लावायच्या. दर खेपेला हेच. यशोधन रांजणे, अंगठा, झडप. यशोधन रांजणे, अंगठा, झडप.

हृदय हळूहळू वर येत होतं. आठ. बारा. अठरा. समिधा आकड्यांकडे बघत पांघरुणाची ऊब वाढवत होती.

सिस्टरांनी अंगठा पुढे केला आणि तसाच हवेत धरला.

"अगं बाई! उघडली."

झडप आपणहून उघडली होती. पलंगाच्या पायथ्याशी असलेला छोटा दिवा हिरवा झाला होता आणि त्यावरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं होती : 'यशोधन रांजणे. ओळख पटली.'

समिधाने वळून पाहिलं. "हा जागा आहे?"

"नाही हो. गाढ झोपलाय. अजून मेंदूत अंधारच आहे," डॉ. बागवान म्हणाला.

"मग ओळखलं कसं?"

त्याने मान तिरकी करून पडद्यावरची लाट न्याहाळली. मग सावकाश म्हणाला, "लाट तीच आहे ना. गार पडलं की वीज शरीरात हळू चालते, त्यामुळे लाट ताणली जाते. रबरावर चित्र काढून ते ओढावं, तशी. ऊब वाढली, रबर सैल झालं आणि चित्र ओळखू यायला लागलं."

"चित्र कधी पुसलं जात नाही?"

"नाही."

"चार ठोक्यांवरसुद्धा?"

कोल्हापूरच्या वसतिगृहात असल्यापासून डॉ. बागवानला गाणं ऐकायचा नाद होता, तोच त्याच्या तोंडून बोलला. "विलंबितात बंदिश बदलते का, ताई? तीच असते. फक्त सम यायला इतका वेळ लागतो की नवख्याला वाटतं, गाणारा विसरला."

आजवर कुणी हे पाहिलंच नव्हतं, कारण कुणी पाहायला गेलंच नव्हतं; पंप स्वतः लाट तपासायचा तो फक्त हाताने चालवताना, आणि उबेची फेरी हाताने कधी चालवलीच नव्हती. एरवी माणूस झोपी गेला की प्रणाली त्याच्या नावापुढे 'निद्रिस्त : शब्द चालत नाही' अशी अवस्था लावायची आणि त्याच्या हृदयाकडे ओळख म्हणून बघणंच सोडून द्यायची.

*

नाईकनवरे साहेब केंद्राचे प्रशासक. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्यांनी समिधाला वरच्या खोलीत बोलावलं तेव्हा त्यांचे दोन्ही फोन एकदम वाजत होते.

"संध्याकाळी आणखी दोघांची फेरी आहे. उद्या पाच जणांची. हाताने किती जणांचं करणार? लोक कुठून आणू?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, दुसऱ्या डॉक्टरचं नाव घालायला झोपलेल्याची स्वतःची संमती लागते, ती आता मिळायची नाही; नातेवाइकाला ती लागत नाही. सोपा उपाय आहे. तुमच्या त्या चौथ्या जागेत हुद्दारबाईंच्या ऐवजी जवळच्या नातेवाइकाचं नाव घाला. बायको, मुलगा, भाऊ, जो असेल तो. फोनवर संमती घेतोय मी. बरेच जण हो म्हणालेत."

उपाय खरोखरच सोपा होता. एक जागा, एक बदल. समिधाने मान हलवली आणि ती आपल्या टेबलाशी आली. तोवर नातेवाइकांचे निरोप तिच्या पडद्यावर येऊन पडायला लागले होते. एका बाईने विचारलं होतं : मुलीचं लग्न ठरलंय, तर यांना एका दिवसापुरतं उठवता येईल का? एका पुतण्याने विचारलं होतं : काकांची उठायची तारीख पुढे ढकलायची असेल तर जास्तीत जास्त किती ढकलता येते?

समिधाने तो दुसरा निरोप पुन्हा वाचला. मग तिने यशोधनचं काम उघडलं. कुणाच्या शब्दावर, या जागेत कर्सर लुकलुकत होता. तिने 'समिधा रांजणे' असं लिहिलं. अजून जतन केलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, आणि तिने हात मागे घेतला.

तेवढ्यात सासूचा फोन आला. अलकाबाई जावळीतल्या गावी राहायच्या. केंद्रातून त्यांनाही कळवलेलं होतं.

"काय गं समिधा, बाई गेल्या म्हणं? देवमाणूस होती गं." त्यांनी नाक ओढलं. "आता समदं तुझ्या हातात आलंय, असं सायेब म्हणाला. खरं का?"

"येऊ शकतं, आई."

"मग उठीव त्याला."

समिधाची नजर लुकलुकत्या कर्सरकडे गेली.

"ऐकती का न्हाई? मला सत्तरी उलटून गेली. औषध कवा येणार, कुणी सांगत न्हाई. मला दोन महिने मिळाले तरी बास. त्यो पांगळा असला तरी चालंल. मी भरवीन त्याला."

"आई, त्यानं सांगून ठेवलंय ना. औषध माणसांवर लागू पडल्याशिवाय उठवायचं नाही म्हणून."

"सांगताना त्येला काय ठाऊक, मागं आईचं काय होतंय ते!"

फोन ठेवला गेला. खाली यशोधन अर्धा तापून पडला होता. नेहमीच्या फेरीत इथूनच त्याला परत गार करायचं असे. आज फक्त परत वळायचं नाही. आणखी थोडी ऊब, ध्वनिलहरी बंद, की तासाभरात तो डोळे उघडेल. सासूची इच्छा होती, नाईकनवऱ्यांची परवानगी होती, कायदाही आड येत नव्हता. आणि तिला स्वतःला? सात वर्षं ती रोज या माणसाच्या वर दोन मजले बसून काम करत होती. घरी गेल्यावर कुलूप उघडताना 'आले रे' म्हणायची जिभेची सवयसुद्धा मोडली होती. एकदा, फक्त एकदा त्याने तिच्या नावाने हाक मारावी, एवढ्यासाठी तिने काहीही दिलं असतं.

ती उठून खाली गेली.

डॉ. बागवान पलंगाशी उभा होता. "आता ठरवायला हवं, ताई. इथून खाली न्यायचं की वर?"

यशोधनचा हात पांघरुणाबाहेर होता. समिधाने तो हातात घेतला. कोमट होता. आंघोळीच्या पाण्यात बोट घालून बघावं, इतपत कोमट. त्याच्या मनगटातली नाडी तिच्या बोटांना लागत होती, सावकाश, ठाम. हा माणूस झोपला होता, पण कुठे गेलेला नव्हता. त्याने एक गोष्ट ठरवली होती आणि ती ठरवणारं हृदय इथेच, तिच्या बोटांखाली होतं. त्याच्या जागेवर आपलं नाव लिहिणारी आपण कोण?

"खाली," ती म्हणाली. "त्यानं सांगितलंय तसंच."

पांघरुणाची ऊब उतरताना तिने हात सोडला नाही. बोटं गार पडेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

*

"सर, जिवंत माणसाच्या आदेशाचं ते कलम काढून वाचा," नाईकनवऱ्यांच्या खोलीत येत समिधा म्हणाली. डोळे लाल होते, पण बोलणं सरळ होतं.

त्यांनी वाचलं. "आदेश देणारी व्यक्ती जिवंत असली पाहिजे आणि तिची ओळख तिच्या हृदयावरून पटलेली असली पाहिजे."

"यात 'जागी' असं कुठे लिहिलंय?"

नाईकनवऱ्यांनी पुन्हा वाचलं. ओठ हलवत तिसऱ्यांदा वाचलं. "मॅडम, तुम्ही म्हणताय काय? झोपलेला माणूस स्वतःच आदेश देणार?"

"दिलाय त्यांनी. झोपण्याआधी प्रत्येकाने स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलंय, काय करायचं, काय नाही, कधी उठवायचं. आपण ते हुद्दारबाईंच्या नावावर चालवत होतो, कारण आपल्याला वाटायचं, झोपलेल्याला विचारता येत नाही. विचारता येतं, सर. फक्त उत्तर यायला वेळ लागतो."

"आणि काही बिघडलं तर?"

"माणूस आहेच पलंगाशी. डॉक्टर कधीही थांबवू शकतात. लाट जुळली नाही तर काम चालणारच नाही, घंटा वाजेल. पण कुणी दुसऱ्याची तारीख हलवू शकणार नाही. बायकोसुद्धा."

नाईकनवऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती कुणाची बायको आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फोन उचलला आणि मुंबईला वरच्या अधिकाऱ्यांशी बराच वेळ बोलत राहिले. आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. शेवटी फोन ठेवून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत दाखवा, म्हणालेत. सगळ्यांची ओळख पटली तर तात्पुरती परवानगी. एकाचीही चुकली तर नातेवाईक."

दुपारभर दोघं कामाला जुंपली. डॉ. बागवानकडे प्रत्येक फेरीच्या लाटा साठवलेल्या होत्या. थंडीत लाटेचा प्रत्येक भाग सारखा ताणला जात नाही. कुठला जास्त, कुठला कमी. पण हा ताण मनमानी नसतो, तापमानाप्रमाणे ठरलेला असतो. म्हणून तो उलटा मोजून काढून टाकता येतो. त्याने ते गणित मांडलं. समिधाने स्कीमा उघडला. झोपलेल्यांच्या अवस्थेत लिहिलेलं 'शब्द चालत नाही' तिने खोडलं आणि 'शब्द चालतो' असं केलं. नियोजित कामाच्या चौथ्या जागेसाठी तिने नवी व्याख्या लिहिली : ज्याचं शरीर, त्याचाच शब्द. मग यशोधनच्या कामात सकाळी लिहिलेलं स्वतःचं नाव, एकेक अक्षर करून, पुसलं.

*

टेबललँडच्या पठारावरून उन्हं कलत होती, तेव्हा ती मंडळी निद्रादालनात जमली. नाईकनवरे होते, सिस्टर होत्या, स्वयंपाकघरातली माणसंही दाराशी येऊन उभी होती. लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना पलंग, प्रत्येकाच्या पायथ्याशी विझलेला छोटा दिवा. डॉ. बागवानने प्रणाली चालू केली.

काहीच झालं नाही.

"काय झालं?" नाईकनवरे कुजबुजले.

"वाट बघायची," तो म्हणाला. "पुरेसे ठोके मिळायला हवेत. त्यांच्या लयीत."

घड्याळाचा काटा सरकत राहिला. जाग्या माणसाला शांतता किती जड होते, ते त्या दालनात उभं राहिलेल्यालाच कळावं. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी पाय बदलला. समिधाला वाटलं, आपलं चुकलं. गणित चुकलं. संध्याकाळच्या फेऱ्या अडकणार, आणि आपल्या हट्टापायी कुणीतरी जाणार.

मग अगदी टोकाला, खिडकीपाशी, एक दिवा हिरवा झाला.

कराडच्या थोरातबाई. शाळेत गणित शिकवायच्या. मेंदूत गाठ होती. सगळ्यांत पहिल्या आलेल्यांपैकी, त्यामुळे हुद्दारबाई त्यांना 'मॉनिटर' म्हणायच्या. दिव्यावरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'ओळख पटली.'

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसरा दिवा लागला, समोरच्या ओळीत. मग मधेच तिसरा. त्यात क्रम नव्हता, प्रत्येकजण आपल्या वेळेने बोलत होता. गार, निपचित, मेणासारख्या चेहऱ्याची ती माणसं. कुणी पाच वर्षं पडलेलं, कुणी आठ. आणि त्या गारठ्याच्या तळातून एकेकाचं हृदय वर येऊन सांगत होतं, मी आहे. मी अमुक आहे. दुसरा कुणी नाही. गावात दिवेलागणीला घरोघरी उजेड पडत जावा, तसं ते दालन उजळत गेलं. स्वयंपाकघरातल्या एका बाईंनी नकळत हात जोडले.

समिधाला आजवर वाटायचं, आपण इथे झोपलेली माणसं सांभाळतो. कुठली सांभाळतो! एवढी वर्षं ती माणसं प्रत्येक ठोक्याला आपलं नाव सांगत होती, अखंड, न थकता, कुणी ऐकत नसतानाही.

यशोधनचा दिवा शेवटून तिसरा लागला. शेवटचाही लागला. डॉ. बागवानने चेहरा दुसरीकडे वळवला आणि रुमाल काढला. थोड्या वेळाने संध्याकाळच्या पहिल्या फेरीची वेळ झाली. काम जागं झालं, पंपापाशी गेलं, पंपाने आपला प्रश्न विचारला. उत्तर यायला बराच वेळ लागला. मग झडप उघडली.

*

अलकाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. गावाकडून पहिल्या गाडीने निघाल्या होत्या. सुनेशी बोलायचं नाही, असं ठरवूनच आल्या होत्या बहुधा. यशोधनच्या पलंगाशी जाऊन त्याच्या गार कपाळावर त्यांनी हात ठेवला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अर्ध्या वाटंवर आला हुता. तूच माघारी लावलास."

"हो, आई."

"का?"

समिधाने त्याच्या मनगटावरच्या पट्टीचा आवाज चालू केला आणि सासूचा हात धरून त्यांना जवळ ओढलं. "ऐका."

काहीच नव्हतं. नुसती शांतता.

"काय ऐकू? काय बी न्हाई."

"थांबा जरा."

अलकाबाईंचा चेहरा कसनुसा झाला. त्या काही बोलणार, तेवढ्यात ठोका आला. एकच. खोल, भरदार, विहिरीत लांबवर दगड पडल्यासारखा. अलकाबाई दचकल्या. पुन्हा शांतता. ती इतकी लांबली की त्यांची सुनेच्या दंडावरची पकड घट्ट झाली. मग दुसरा ठोका.

"ही यंत्रं त्याला विचारतात, आई. दर वेळी. हे करू का? आणि तो हे सांगतो." समिधा हळूच म्हणाली. "काल मीही विचारलं. तो थांब म्हणाला. मी काय करणार?"

अलकाबाईंनी आणखी बरेच ठोके ऐकले. मग डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "ल्हानपणी बी असाच हुता. चार हाका माराव्या, तवा एक 'ओ' द्यायचा."

त्या दिवशी सासू-सुना कँटीनमध्ये एका टेबलाशी जेवल्या. पुढे अलकाबाई दर महिन्याला येत राहिल्या. तासभर बसायच्या, ठोके ऐकायच्या आणि जायच्या.

तात्पुरती परवानगी कायम झाली. समिधाची ती एक ओळ हळूहळू दुसऱ्या केंद्रांत गेली, मग बेशुद्धांच्या रुग्णालयांत गेली, आणि झोपलेल्या माणसाचा शब्द मोडता येत नाही, हे लोकांना इतकं स्वाभाविक वाटायला लागलं की कधीकाळी तो मोडला जात होता, हेच कुणाला खरं वाटेना. त्या पुतण्याचे काका ठरल्या वेळी उठले. मुलीच्या लग्नाला मात्र वडील नव्हते. तिच्या आईंनी समिधाला फोन केला, रडल्या, रागावल्या, आणि तिने ते ऐकून घेतलं. प्रत्येक न्यायाची किंमत कुणाला तरी पडते, हे तिला तेव्हा समजलं.

आणि औषध आलं. तिसऱ्या वर्षी, मार्गशीर्षात. दूरच्या एका देशात माणसांवर ते लागू पडल्याची खात्री झाली, त्याची नोंद जगभर फिरली, फिरत फिरत पाचगणीला पोचली आणि यशोधनच्या नावाचं एक काम जागं झालं. कुणी बटण दाबलं नाही, कुणी सही केली नाही. त्यानेच घातलेली अट पुरी झाली होती आणि त्याचंच हृदय हो म्हणत होतं.

यावेळी नातेवाइकांना आत यायची मुभा होती. समिधा पलंगाच्या एका बाजूला, अलकाबाई दुसऱ्या बाजूला काठी टेकून उभ्या. ऊब चढली. ठोके एकमेकांच्या जवळ आले, मग एकमेकांना धरून चालायला लागले. गालांवर रंग आला. बुबुळं हलली. समिधाने मनाशी एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. दहा वर्षं तिने ते घासूनपुसून ठेवलं होतं. आता त्यातला एक शब्दही तिला आठवेना.

यशोधनने डोळे उघडले. कितीतरी वेळ तो नुसता छताकडे बघत होता. मग नजर खाली उतरली, समिधाच्या चेहऱ्यावर आली, तिच्या पांढऱ्या झालेल्या केसांवर रेंगाळली आणि पुन्हा डोळ्यांवर आली. त्याचा हात चादरीवरून तिच्याकडे बोटभर सरकला. तिने तो धरला.

मग त्याने मान वळवली. काठीला रेलून उभी असलेली, वाकलेली, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं पसरलेली म्हातारी त्याला दिसली. त्याच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला.

"आई," घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "उभी का? बस की."